टेक्नेशियम आणि तायाप्पांचा करदोडा

माझ्या सासूबाईंचं माझ्याबद्दल एकच ठाम मत आहे आणि लग्न झाल्यापासून ते तसूभरही हललेलं नाही: हिला म्हशीखाली बसता येत नाही. खरंच येत नाही. माझं माहेर पाटणचं, वडील पोस्टात, घरात जनावर म्हणून एक मांजर आणि तेही शेजाऱ्यांचं. मिरजेजवळच्या या गावात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हशीनं मला आणि चरवीला एकाच लाथेत गोठ्याबाहेर काढलं. पुन्हा तिकडं मला कुणी बोलावलं नाही. त्यामुळं पुढं काही वर्षांनी मी घरात सांगितलं, की मला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली आहे आणि तिथं रोज सकाळी माझं पहिलं काम धार काढायचं आहे, तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिला कुणीतरी फशिवतंय. जाऊन बघून ये."

नवरा येऊन बघून गेला आणि आईला म्हणाला, "गाय हाय, पर बारकी हाय आन् शिशाची हाय." त्यानंतर माझ्या कामाबद्दल घरात कुणी काही विचारलेलं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं, म्हणून इतक्या वर्षांचं साठलेलं इथं सांगून टाकते. घरचे वाचतील अशी आशा नाही.

मी न्यूक्लियर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. माझं सगळं पोट एका धातूवर चालतं. त्याचं नाव टेक्नेशियम, आणि तो मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

शाळेत विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता असायचा, तो आठवा. त्यात बेचाळीस नंबरला मॉलिब्डेनम, चव्वेचाळीसला रुथेनियम. मधलं त्रेचाळीस नंबरचं घर कितीतरी वर्षं रिकामं होतं. शास्त्रज्ञांना खात्री होती की तिथं कुणीतरी राहत असणार. अनेकांनी सापडलं म्हणून जाहीर केलं, नावंही ठेवली, आणि मग गपचूप मागं घेतली. काही स्थळं अशी असतात बघा, भावकीतले सगळे म्हणतात मुलगा आम्ही पाहिलाय, पण प्रत्यक्ष भेटलेला कुणीच नसतो. तसं चाललं होतं. शेवटी एका मोठ्या यंत्रात मॉलिब्डेनमच्या पत्र्यावर कणांचा मारा झाला आणि त्या पत्र्यात हे नवं द्रव्य सापडलं. माणसाच्या हातून तयार झालेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीक भाषेत 'बनवलेलं' अशा अर्थाचं नाव मिळालं.

जमिनीत ते का सापडत नाही, तर पृथ्वी झाली तेव्हा जे काही असेल ते कधीच विरून गेलं. याचा एकही प्रकार कायम टिकणारा नाही. युरेनियमच्या खनिजात कुठं कणभर तयार होतं, आणि आकाशातल्या काही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या उजेडात त्याची खूण दिसते म्हणतात. भरपूर जमवलं तर चांदीसारखं करडं दिसतं. पण आमच्याकडं असतं ते इतकं थोडं, की सुईत भरलं तरी नुसतं पाणी भरल्यासारखं वाटतं.

आम्ही वापरतो तो प्रकार सहा तासांत निम्मा होतो. पुढच्या सहा तासांत उरलेल्याचा निम्मा. आमच्या घरात दिवाळीचे बेसनाचे लाडू याच नियमानं चालतात: दुपारपर्यंत निम्मे, रात्रीपर्यंत त्यातले निम्मे, आणि शेवटी डब्यात एक उरतो तो कुणीच खात नाही. रोग्याच्या दृष्टीनं हे फार चांगलं, कारण आज दिलेलं उद्यापर्यंत जवळजवळ संपतं. माझ्या दृष्टीनं वाईट, कारण आज आणून कपाटात ठेवलं आणि परवा वापरलं असं होत नाही. म्हणून ती गाय.

गाय म्हणजे शिशाच्या जाड भांड्यातली एक बारकी नळी. तीत मॉलिब्डेनमचा किरणोत्सारी प्रकार धरून ठेवलेला असतो. तो अणुभट्टीतून येतो आणि स्वतः सावकाश विरत टेक्नेशियम तयार करत राहतो. सकाळी नळीतून मिठाचं पाणी सोडायचं. मॉलिब्डेनम जागच्या जागी राहतं आणि टेक्नेशियम पाण्याबरोबर बाटलीत उतरतं. दुसऱ्या सकाळपर्यंत पुन्हा भरलेलं. आठवडाभरात गाय आटते, मग नवी येते. सगळ्या जगात या कामाला धार काढणंच म्हणतात, मी माझ्या मनचं सांगत नाही.

एकदा उंब्रजच्या पुढं उसाच्या दरासाठी रस्ता अडवला होता. आमची नवीन गाय ट्रॉल्यांच्या रांगेत मागं अडकली, आणि इकडं आठ रोगी उपाशीपोटी बसलेले. गाडीचा ड्रायव्हर आंदोलकांना म्हणाला, आवं, माल खराब होतोय. पुढाऱ्यानं विचारलं, दूध हाय का? हा म्हणाला, न्हाई, अणू हायत. त्यावर त्याला चहा पाजून सगळ्यात मागं उभं करण्यात आलं. दुधाचे टँकर मात्र सोडले.

तर हे टेक्नेशियम स्वतःहून कुठंच जात नाही. ज्या औषधाचं बोट धरायला लावाल त्याच्याबरोबर ते जातं. कुणाबरोबर हृदयात, कुणाबरोबर मूत्रपिंडात. हाडाच्या औषधाबरोबर हाडात. एक्स-रेमध्ये यंत्र किरण टाकतं. आमच्याकडं किरण रोग्यातून बाहेर येतात आणि यंत्र नुसतं बघत बसतं. हाड जिथं दुखावलेलं असेल, जिथं मोडलेलं सांधत असेल, किंवा जिथं रोग येऊन बसला असेल, तिथं ते जास्त गोळा होतं आणि पडद्यावर काळा ठिपका उमटतो. ठिपका कशामुळं आला हे यंत्र सांगत नाही.

कराडकडचे एक पैलवान तपासणीला आले होते. रोग काही निघाला नाही, पण तीन बरगड्या ओळीनं चमकत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, पडला होता का. ते नाही म्हणाले. मग त्यांच्या बायकोनं पडद्याकडं बघून शांतपणे विचारलं, "बैल इकलं म्हणून सांगितलं हुतं न्हवं?" शर्यतीची गाडी उलटली होती. मी त्या दिवशी जेवणाची सुट्टी लवकर घेतली.

आता तायाप्पांचं सांगते, कारण मुळात लिहायचं होतं ते हेच.

तायाप्पा आटपाडीकडचे. दुष्काळी भाग. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी डाळिंबाची बाग आणि थोडी मेंढरं. लाल पटका, पांढऱ्या मिशा, आणि वयाच्या मानानं पाय असे, की पार्किंगपासून आमच्या विभागापर्यंत मुलगाच मागं राहिला होता. मुलगा महादू, विट्याच्या लोकांबरोबर दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात कामाला, वडिलांसाठी रजा काढून आलेला. आणि बरोबर सुंद्राबाई, त्यांची बायको. ती बाई उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण ती आत आली तेव्हा मी उठून उभी राहिले. का ते मला अजून कळलेलं नाही.

तायाप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. गाठ अजून जागेवर असेल तर काढून टाकता येत होती. बाहेरगावाहून येणारे सर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करणार होते, नंबर लागलेला होता. फक्त रोग हाडात गेलेला नाही ना, एवढं आमच्या तपासणीत कळायचं होतं. हाडात गेला असेल तर ऑपरेशन रद्द. मग गोळ्या-इंजेक्शनं घेऊन घरी जायचं आणि होईल तितकं बरं म्हणायचं. हे सगळं तिघांनाही डॉक्टरांनी नीट सांगितलेलं होतं.

इंजेक्शन देऊन मी नेहमीचं भाषण केलं. भरपूर पाणी प्या, लघवीला वरचेवर जा, औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. आमच्याच संडासात जा, बसून करा, शिंतोडे उडू देऊ नका. आणि आजच्या दिवस गरोदर बायका आणि लहान मुलांच्या फार जवळ बसू नका.

तायाप्पांनी विचार केला. "मेंढ्या चालत्यात का? गाभण हाईत."

मी म्हटलं, मेंढ्या आटपाडीत आहेत आणि तुम्ही मिरजेत.

"तसं न्हवं, राती घरी गेल्यावर."

उद्या ऑपरेशन असलं तर रात्री घरी जायचंच नाही, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या 'तर'वर सगळं अडलेलं होतं, म्हणून मी फक्त म्हटलं, की मेंढ्यांना हाताच्या अंतरावर ठेवा.

औषध हाडात बसायला तीनेक तास लागतात. तोवर पाणी पीत बसायचं. तायाप्पांनी सांगितलेलं सगळं केलं. 'बसून करा' हेही केलं, पण त्यांच्या पद्धतीनं. आमच्याकडं खुर्चीसारखा संडास आहे. तायाप्पा त्याच्यावर चढून उकिडवे बसले. हे मला नंतर, त्यांच्याच तोंडून कळलं. दवाखान्याचा झगा त्यांनी जन्मात घातला नव्हता. त्याचा घोळ मधे येतो म्हणून त्यांनी तो धोतरासारखा वर गुंडाळून कमरेच्या करदोड्यात खोवला होता.

करदोडा म्हणजे कमरेचा काळा दोरा. आपल्याकडं पुरुषाच्या कमरेला जन्मल्यापासून असतो. लहानपणी आमच्या भावांचा करदोडा चड्डी वर ठेवायच्या कामी यायचा, मोठेपणी लोक त्याला किल्ल्या अडकवतात. तायाप्पांचा चांगला जाड, चार पदरी, आणि त्याला फडक्याची एक बारकी पुरचुंडी बांधलेली. आत देवाचा भंडारा. किल्ल्या, नाणी, घड्याळ मी आधीच काढून घेतली होती. भंडाऱ्याची पुरचुंडी आमच्या यादीत नाही.

तायाप्पा कॅमेऱ्याखाली आडवे झाले. कॅमेरा डोक्यापासून सावकाश खाली सरकू लागला. कवटी स्वच्छ, मणके स्वच्छ, बरगड्या स्वच्छ. माणूस उन्हात वाळवून ठेवल्यासारखा निरोगी. आणि उजव्या खुब्याच्या हाडावर बोराएवढा काळाकुट्ट ठिपका.

आमचे डॉक्टर तरुण आहेत, लवकर बोलत नाहीत. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, कमरेला काही आहे का. मी जाऊन झगा बाजूला केला तर ठिपक्याच्या बरोबर जागी ती पुरचुंडी. हात लावला, ओलसर.

लघवीचा एक थेंब कपड्यावर पडला तरी पडद्यावर रोगासारखा दिसतो. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. कपडे बदलायचे, अंग धुवायचं, पुन्हा चित्र घ्यायचं. मी ट्रेमधली कात्री उचलली आणि तायाप्पांना म्हटलं, मामा, करदोडा काढावा लागेल.

"काढा की," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर तिला इचारून."

सुंद्राबाई आत आल्या. त्यांनी आधी माझ्या हातातल्या कात्रीकडं बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं. न्हाई. महादू म्हणाला, आई, दोराच हाय. त्यावर त्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. सोडायचा कशाला, सरकवा की. एवढंच असंल तर पुरचुंडी हिकडनं तिकडं करा.

न करण्यासारखं त्यात काही नव्हतं. करदोडा फिरवून पुरचुंडी डावीकडं नेली, उजवी बाजू पुसली, झगा बदलला, पुन्हा चित्र घेतलं. दोरा आता सगळ्या अंगाला घासून गेला होता. डावीकडं नवा ठिपका आला आणि उजवीकडचा पुसट होऊन तिथंच राहिला.

तायाप्पांना मान वळवून पडदा दिसत होता. "मगाशी एक हुतं," ते म्हणाले, "आता दोन झालं. अजून एकदा सरकवलं तर गुडघ्यात यील."

डॉक्टर कपाळावर हात ठेवून बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावं, तर सर्जन पुन्हा कधी येणार आणि नंबर कधी लागणार याची खात्री नाही. दुसरं इंजेक्शन आजच द्यावं, तर शुक्रवार होता, गाय आटलेली. आणि जे औषध तायाप्पांच्या अंगात होतं तेही कमी होत चाललं होतं. भिंतीवरचं घड्याळ त्या खोलीत पहिल्यांदाच मला मोठ्यानं वाजल्यासारखं वाटलं.

मी सुंद्राबाईंना बाहेर बाकावर घेऊन बसले. माझ्याकडं समजुतीचं असं काही उरलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आमच्या घरात मी गप्प बसले की सासूबाई आपोआप बोलतात. इथंही तसंच झालं.

"थोरल्या भनीचा दाल्ला," त्या म्हणाल्या. "आसंच आपरेशन हुतं. नर्सबाईनं कात्री घिऊन करदोडा कचकन कापला आन् कचऱ्यात टाकला. कुणाला इचारलं न्हाई. दाजी आत चालत गेलं आन् भाईर आलं ते चादरीत. करदोडा मेल्याव कापत्यात, बाई. जळणावर ठेवताना. जित्याचा कापला तर वरच्याला काय वाटंल? हा मानूस तयार हाय आसंच वाटंल."

किरणोत्साराचे तीन नियम मला पाठ आहेत: जवळ कमी वेळ थांबा, लांबून काम करा, मधे शिसं ठेवा. त्यांतला एकही नियम वरच्याला लागू पडत नव्हता.

मी विचारलं, जुना झिजला तर काय करता? बदलता की नाही?

"बदलतो की. आदी नवा बांदायचा, मग जुना सोडायचा. कंबर मोकळी ठिवायची न्हाई."

मी म्हटलं, मग तसंच करू. कात्री नाही लावत. सोडू.

त्यांनी पदराच्या टोकाला पीळ घातला. "आमच्यात नवा करदोडा भन बांदती. त्यास्नी भन न्हाई. हुती, ती गेली. पयल्या वर्सी चुलतभनीनं बांदला, तीबी गेली." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुमी कुटल्या?"

"पाटणची."

"भाऊ हाय?"

"दोन आहेत."

"मग आजून एक झाला," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

महादूला दर्ग्यापुढच्या दुकानातनं काळा दोरा आणायला पाठवलं. तो बाण सुटावा तसा गेला. येताना तीन प्रकारचे दोरे, एक नारळ आणि पाव किलो पेढे घेऊन आला. सोन्याच्या दुकानातला माणूस, कसर नको म्हणून सगळंच आणलं होतं. सुंद्राबाईंना निरांजन लावायचं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजनच्या नळ्या दाखवल्या, तेव्हा त्या निरांजनावरून मागं हटल्या. पण भंडारा लावायचाच होता. कनवटीला त्यांची स्वतःची वेगळी पुरचुंडी होती, कोरडी. त्यांनी नव्या दोऱ्याला भंडारा लावला, तायाप्पांच्या कपाळाला, माझ्या कपाळाला, डॉक्टरांच्या कपाळाला, आणि आमच्या परदेशी कॅमेऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र कपाळाला. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

लांबून काम करा हा नियम ज्यानं लिहिला, त्यानं कधी कुणाच्या कमरेला दोरा बांधलेला नसावा. शिशाचा पाच किलोचा एप्रन, दोन हातमोजे, छातीवर किरण मोजणारा बिल्ला, कपाळावर भंडारा, अशा थाटात मी तायाप्पांच्या कमरेभोवती हात घातले. हातमोज्यात गाठ बसेना. दोन वेळा निसटली. सुंद्राबाई दारातून सांगत होत्या, "निरगाठ न्हाई, सरगाठ मार. आवळू नगंस, जेवल्याव लागतंय." एका गाठीच्या अंतरात मी मॅडमवरून बाई आणि बाईवरून अगंतुगं झाले होते.

नवा बांधून झाला. मग जुना. त्याची गाठ वर्षानुवर्षांच्या घामानं आणि भंडाऱ्यानं दगडासारखी झालेली. कात्री मी आधीच कपाटात ठेवून दिली होती, कारण माझ्या हातांचा मलाच भरवसा नव्हता. दोन चिमटे घेऊन मी ती गाठ उकलत होते आणि डॉक्टर मोबाइलचा उजेड धरून उभे होते. एवढं शिकून, परीक्षा देऊन, अणुऊर्जेचं प्रशिक्षण घेऊन मी एका माणसाचा करदोडा सोडत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी दुनियेत त्याहून महत्त्वाचं काम मला दिसत नव्हतं.

"ताई," तायाप्पा वर छताकडं बघत म्हणाले, "घाई नगं करू. एवढी वर्सं कुणी सोडला न्हाई, थोडा येळ लागणारच."

सुटला. चिमट्यानं उचलून मी तो मोजणीच्या यंत्राजवळ नेला. यंत्र तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. महादूनं काचेतून बघून हात जोडले, त्याला वाटलं झालं. पण झालं नव्हतं. दोरा खराब आहे एवढंच कळलं होतं. दोऱ्याखालचं हाड चांगलं आहे का, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही खराब असू शकतात. असे रोगी मी बघितले आहेत. कपडे बदलले, अंग धुतलं, तीन वेळा चित्र घेतलं आणि ठिपका होता तिथंच राहिला. त्यांचं पुढं काय झालं हे मला कळत नाही. आमच्याकडं माणूस तासाभरासाठी येतो, आतून बाहेरून दिसतो आणि जातो. या नोकरीत मला खंत कशाची असेल तर ती याची.

करदोडा शिशाच्या डब्यात ठेवला. तो दोन-तीन दिवसांत निवतो, मग परत देता येतो, असं मी सुंद्राबाईंना सांगितलं. त्यांनी डबा कुठं ठेवते ते डोळ्यांनी बघून घेतलं. तायाप्पांना साबणानं कमरेपासून खाली अंघोळ घातली. ती महादूनं घातली, मला बहीण म्हणून तेवढी सूट मिळाली. नवा झगा, नवी चादर. तायाप्पा पुन्हा आडवे झाले.

कमी झालेलं औषध म्हणजे कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो. अंधाऱ्या गोठ्यात माणूस डोळे सरावायची वाट बघतो तसं. पडद्यावर एकेक कण जमत होता. मणक्याचं टोक आलं. कमरेच्या हाडाची वरची कड आली. मी आणि डॉक्टर पडद्याला नाक लावून बसलो होतो, दोघांच्याही कपाळावर पिवळा मळवट. डावा खुबा भरत आला. स्वच्छ. उजवा खुबा भरायला लागला. मी डोळे मिटून घेतले, जे टेक्नॉलॉजिस्टनं करायचं नसतं. उघडले तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागं रेलले होते.

डावा आणि उजवा, दोन्ही सारखे. माणसाचे खुबे असतात तसे.

डॉक्टर सर्जनना फोन करायला आत गेले. आता आमच्यात एक कडक नियम आहे. टेक्नॉलॉजिस्टनं तपासणीत काय निघालं ते रोग्याला किंवा नातेवाइकांना सांगायचं नाही. ते डॉक्टरांनीच सांगायचं. चांगलं असो, वाईट असो, आपण तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मी हा नियम पाळत आले आहे, आणि माझा चेहरा बघून कुणाला काही कळत नाही याचा मला अभिमान आहे. घरीसुद्धा कळत नाही, त्याचा उपयोग होतो.

मी तोंडावर काही न दिसू देता बाहेर आले. सुंद्राबाई बाकावर बसल्या होत्या, शेजारी नारळ. गावाकडं परत जायला केलेली जीप फाटकापाशी उभी होती आणि ड्रायव्हर महादूला विचारत होता, निघायचं का, अंधाराच्या आत पोचायला पाहिजे.

सुंद्राबाईंनी काय निघालं असं विचारलं नाही. मला ते विचारू नये, हे त्यांना कसं माहीत होतं कोण जाणे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यास्नी राती जेवाय कुटं घालू? हितं, का वाटंत?"

मी म्हटलं, "इथंच घाला. आणि लवकर घाला, हलकं काहीतरी. नंतर काही नको. सकाळी पाणीसुद्धा द्यायचं नाही."

त्या उठल्या नाहीत. तशाच बाकावर बसून, मान न वळवता महादूला म्हणाल्या, "म्हादू, गाडी माघारी लावून दे."